न्हाणीघरालाही कठडा हवा



या सदरात आपण मधुमेह, गुडघेदुखी, रक्तदाब यांवर पुष्कळ वाचले आहे. आज मी लिहिते आहे ते घरातल्या पाण्याविषयी. समुद्र, नदी किंवा धबधब्याचे नव्हे, तर आपल्याच न्हाणीघरातले, टबातले, बादलीतले पाणी. विषय साधा वाटेल. मलाही तो साधाच वाटत होता. मी ठाण्याच्या एका रुग्णालयात बारा वर्षे परिचारिका होते, तरीही जपानमध्ये येऊन माझ्याच घरात मी जवळजवळ आईला गमावून बसले होते.

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही तेव्हा तोक्योच्या पूर्वेला, चिबा प्रांतात एका जुन्या दुमजली लाकडी घरात भाड्याने राहत होतो. आई ठाण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. वय चौऱ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी चालू, बाकी ठणठणीत. माझा मुलगा दीड वर्षाचा होता. नातवाला मांडीवर घ्यायचे आणि जपानी 'ओफुरो'त बसायचे, या दोन गोष्टींवर आई खूश होती.

आईने जन्मभर बादली, तांब्या आणि पाटावर बसून अंघोळ केली. पाण्यात बसून राहायचे हे तिला नवीन. जपानी रीत अशी, की आधी टबाबाहेर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचे आणि मग खोल टबात गळ्यापर्यंत कढत पाण्यात नुसते बसायचे. तेच पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात. आईचे गुडघे त्या पाण्यात मोकळे होत. "दवाखान्यातल्या शेकापेक्षा हे बरे," असे ती म्हणायची.

त्या रात्री जेवण उरकून, गोळी घेऊन, साडेआठच्या सुमारास ती अंघोळीला गेली. मी भांडी घासत होते. टबाच्या यंत्राची एक पाटी न्हाणीघरात असते आणि दुसरी स्वयंपाकघरात. त्यावर एक बटण असते, ते आतून दाबले की बाहेर घंटी वाजते. आई आली त्याच दिवशी मी तिला थट्टेने सांगितले होते, "चहा हवा असला तर हे दाब." जपानी अक्षर तिला वाचता येईना, म्हणून त्यावर 'बोलव' अशी मराठी चिठ्ठी चिकटवली होती.

घंटी एकदाच वाजली. टॉवेल विसरली असेल असे वाटून मी हातातले पातेले पुरते घासून ठेवले आणि मग गेले. ते पातेले मला अजून आठवते.

आई टबात घसरली होती. हनुवटी पाण्याला टेकली होती, डोळे अर्धे मिटलेले, बोलणे अडखळत होते. तिला उचलायला गेले तर ओले अंग हातातून निसटे. मग धडा आठवला. आधी टबाचे बूच उपटले आणि दोन्ही हातांनी तिची हनुवटी वर धरून ठेवली. पाणी उतरत गेले. यजमानांनी ११९ ला फोन लावला. जपानमध्ये आग आणि रुग्णवाहिका दोन्हींसाठी हाच क्रमांक आहे, त्यामुळे पहिला प्रश्न येतो, "आग की रुग्णवाहिका?" रुग्णालयात रक्तदाब फार खाली गेलेला सापडला. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी आईला घरी सोडले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घंटी वाजली म्हणून बरे. आणखी काही मिनिटे गेली असती तर आपण वेगळे बोललो असतो."

असे का होते?

जपानमध्ये हे इतके घडते की त्याला बोलीभाषेत 'हीट शॉक' असे नाव पडले आहे. पासष्टच्या पुढच्या वयाची चार हजारांहून अधिक माणसे दरवर्षी टबात बुडून मरतात. रस्त्यावरच्या अपघातांत दगावणाऱ्या वृद्धांच्या दुपटीहून अधिक हा आकडा. सर्वांत जास्त हिवाळ्यात आणि सर्वांत जास्त स्वतःच्या घरी.

कारण समजायला सोपे आहे. जुन्या जपानी घरात माणसे बसतात ती खोली तेवढी तापवलेली असते. कपडे बदलायची खोली आणि न्हाणीघर मात्र गारठलेले. गारठ्यात कपडे काढले की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. मग कढत पाण्यात बसले की त्याच वाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब झपाट्याने उतरतो. टबातून एकदम उठले की पाण्याचा अंगावरचा दाबही जातो, मेंदूला रक्त कमी पोचते आणि भोवळ येते. जास्त वेळ बसले तर अंगाचे तापमान वाढून माणूस गुंगतो, त्याला बाहेर यावेसेच वाटत नाही. घराबाहेर भोवळ आली तर माणूस जमिनीवर पडतो. टबात आली तर तोंड पाण्यात जाते.

त्यात जेवणानंतर रक्त पोटाकडे वळलेले असते आणि रक्तदाब थोडा खालीच असतो. रक्तदाबाची गोळी घेतलेली असते. आईच्या बाबतीत सगळेच जुळून आले होते: थंड खोली, भरले पोट, गोळी, ४३ अंशांचे पाणी आणि पंधरा मिनिटे. यांतली एकही गोष्ट मला माहीत नव्हती असे नाही. एकत्र पाहायचे मात्र सुचले नव्हते.

दुसरा धोका, त्याच टबात

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली होती, ती मी आईलाही सांगितली नव्हती. १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला. नळ बंद पडले तर वापरायला पाणी हवे, म्हणून जपानमध्ये पुष्कळ घरांत अंघोळीचे पाणी टबातच ठेवतात. कुणी ते कपडे धुवायलाही वापरतात. आम्हीही टब भरलेला ठेवू लागलो. एका सकाळी पाहते तो लेक टबाच्या काठावर पोटावर ओणवा, पाय जमिनीवरून उचललेले, हात पाण्यातल्या बदकाकडे. आवाज काही नाही. मी दोन पावलांवर होते म्हणून निभावले.

लहान मूल बुडताना ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. तोंड पाण्यात गेले की ते ओरडणार कसे? लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. एकदा तोल गेला की ते स्वतःला मागे खेचू शकत नाही. बुडायला वीतभर पाणीसुद्धा लागत नाही, नाक आणि तोंड झाकले जाईल इतके पुरते. म्हणून टबाचा काठ जमिनीपासून ५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंच असेल तर मूल आत पडण्याचा धोका जास्त, असे इथे पालकांना सांगतात. टबावरचे झाकणही भरवशाचे नाही. मूल त्यावर चढते आणि झाकणासकट आत जाते. फुगवलेले कडे गळ्यात घालून बाळाला टबात सोडणे आणि आपण केस धुणे, यातूनही अपघात झाले आहेत. ते खेळणे आहे, राखणदार नव्हे.

भूकंपासाठी पाणी हवेच, हे खरे. आम्ही आता झाकण घट्ट लागणाऱ्या पिंपात आणि बाटल्यांत ते साठवतो आणि टब रोज रिकामा करतो.

कायदा काय पाहतो, काय पाहत नाही

या दोन प्रसंगांनंतर आम्ही स्वतःचे घर बांधायचे ठरवले. बांधकाम २०२५ च्या उन्हाळ्यात सुरू झाले. जपानमध्ये घर बांधणे म्हणजे कागदपत्रे आणि तपासण्यांची रांग. बांधकाम कायदा १९५० चा आहे. आधी नकाशे मंजूर करून घ्यायचे, मग काम सुरू. ठरावीक टप्प्यावर मधली तपासणी होते. घर पूर्ण झाले की चार दिवसांत अंतिम तपासणीसाठी अर्ज करायचा. पालिकेचा किंवा मान्यताप्राप्त खाजगी संस्थेचा तपासनीस येतो, घर नकाशाबरहुकूम आहे का ते पाहतो आणि मग तपासणीचा दाखला मिळतो. हा दाखला जपून ठेवावा लागतो. घर विकताना किंवा वाढवताना तो मागतात.

एप्रिल २०२५ पासून नवीन घरांना ऊर्जाबचतीचे निकष सक्तीचे झाले. भिंतीत उष्णतारोधक थर, दुहेरी काचेच्या खिडक्या वगैरे. हेतू वीज वाचवण्याचा आहे, पण मला त्यात आईची कपडे बदलायची खोली दिसली. घरभर ऊब सारखी राहिली तर तो गारठ्याचा धक्काच कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश तापमान असावे असे सुचवले आहे. जुन्या घरात राहणाऱ्यांना आतून दुसरी खिडकी बसवता येते.

अंतिम तपासणीच्या दिवशी एक वयस्कर तपासनीस आला. चपला काढून, हातात नकाशा आणि मोजपट्टी घेऊन त्याने घर फिरून पाहिले. हवा खेळती ठेवणारे पंखे पाहिले, जिना पाहिला, खिडक्या मोजल्या. मी धीर करून विचारले, "न्हाणीघराच्या दाराला बाहेरून वर कडी असावी, असे कुठे लिहिले आहे का? टबाजवळ धरायला दांडा?" तो हसला आणि नम्रपणे म्हणाला, "ते माझ्या यादीत नाही, पण तुम्ही बसवा." मग त्याने सांगितले, की या कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिले आहे की हे किमान निकष आहेत. मी घरी कायदा काढून पाहिला. तसेच आहे.

किमान म्हणजे पुरेसे नव्हे. कायदा भूकंपात घर उभे राहील याची काळजी घेतो. टब रिकामा केला की नाही, हे पाहायला कुणी येत नाही. उन्हाळ्यात अंगणात किंवा गॅलरीत मुलांसाठी फुगवायचा पूल मांडतात, त्याचीही तपासणी होत नाही.

इतर देशांत घरच्या पोहण्याच्या तलावासाठी कायदे कडक आहेत. फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्याने जमिनीत बांधलेल्या खाजगी तलावाला कुंपण, झाकण, छप्पर किंवा धोक्याची घंटा यांपैकी एक तरी असावेच लागते. ऑस्ट्रेलियात तलावाभोवती साधारण १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप मिटून कडी लागणारे फाटक बंधनकारक आहे. तर्क सरळ आहे. आईबापाची नजर केव्हा तरी ढळणारच, तेव्हा फाटक मिटलेले असावे.

कागदावरची जाळी

पण नुसता नियम असून भागत नाही, हेही जपाननेच दाखवले. ३१ जुलै २००६ ला साइतामा प्रांतातल्या फुजिमिनो शहराच्या सार्वजनिक तलावात सात वर्षांची एक मुलगी पाणी ओढणाऱ्या नळात खेचली जाऊन मरण पावली. नळाच्या तोंडावरची जाळी बोल्टने घट्ट बसवलेली असायला हवी होती. ती तारेने बांधली होती. पालिकेने काम एका कंपनीला दिले, तिने ते दुसरीला दिले. जाळी निखळल्याचे त्या दिवशी कर्मचाऱ्यांना कळले होते. तरी पंप बंद केला गेला नाही आणि पोहणाऱ्यांना लगेच बाहेर काढले गेले नाही. पालिकेच्या अधिकाऱ्यांना पुढे न्यायालयाने दोषी ठरवले. मार्च २००७ मध्ये सरकारने तलावांसाठी सुरक्षेचे निकष काढले: जाळी बोल्टने पक्की हवी आणि नळाच्या आत दुसरी अडकाठीही हवी, म्हणजे एक निखळली तरी दुसरी राहील.

आपण सुट्टीत मुलांना अलिबागच्या किंवा लोणावळ्याच्या बंगल्यावर नेतो, इस्राएलमध्ये भाड्याच्या 'त्सिमेर'वर नेतो. तिथल्या तलावात मुले उतरण्याआधी स्वतः पाहा: तळाची आणि बाजूची जाळी जागेवर आहे का, हलते का? पंप कुठून बंद होतो? जाळी सैल दिसली तर मुलांना आधी पाण्याबाहेर काढा आणि मग मालकाला शोधा. उलट क्रमाने नव्हे.

आपल्या घरातला कठडा

घर झाल्यावर आईने फोनवर विचारले, "गच्चीला कठडा आहे ना?" आमच्या घराला गच्ची नाही, पण तिचा प्रश्न मला कळला. नवे घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर, नाहीतर कुणी पडले तर त्याचा दोष तुझ्या घरावर येईल, ही आज्ञा तोरातच, दवारीम या पुस्तकात आहे. आपल्या विद्वानांनी तिचा अर्थ छतापुरता ठेवला नाही. रामबामने विहीर आणि खड्डा यांनाही कठडा किंवा झाकण हवे असे लिहिले. कोकणातल्या आपल्या जुन्या घरांच्या परसातल्या विहिरी आठवा. कठडा नसलेल्या विहिरीजवळ आजी आपल्याला फिरकू देत नसे.

तालमूदमध्ये बापाच्या कर्तव्यांत मुलाला पोहायला शिकवणे हेही सांगितले आहे. नौगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून वाचलेल्यांची आपण लेकरे, असे आपली परंपरा सांगते. पोहणे आपल्याला परके असू नये. जपानने हे एका दुःखातून शिकले. ११ मे १९५५ ला 'शिउन मारू' ही बोट बुडून १६८ माणसे गेली, त्यांत सहलीला निघालेली शाळकरी मुले शंभर. त्यानंतर देशभर शाळांमध्ये तलाव बांधण्याला आणि पोहणे शिकवण्याला जोर आला. आज इथली मुले अंगावर कपडे असताना पाण्यात पडले तर काय करायचे तेही शिकतात. मंत्र दोन शब्दांचा, 'उइते माते', म्हणजे तरंगत वाट पाहा. हातपाय मारून दमू नका, पाठीवर पडून राहा, मदत येते आहे.

एवढे करा

वडीलधाऱ्यांसाठी:
• अंघोळीआधी न्हाणीघर आणि कपडे बदलायची जागा ऊबदार करा. टब असेल तर पाणी ४१ अंशांपर्यंत आणि बसणे १० मिनिटांपर्यंत.
• जेवणानंतर लगेच, झोपेची गोळी घेऊन किंवा मद्य घेऊन टबात बसू नका. शुक्रवारी अंघोळ दिवे लावण्याआधी करावी, किद्दूशनंतर नव्हे. आपली जुनी रीत इथेही शहाणी ठरते, कारण संध्याकाळच्या आधी घर थोडे गरम असते.
• अंघोळीला जाताना घरातल्या कुणाला तरी सांगून जा. घरच्यांनी अधूनमधून हाक मारावी. आतून कडी लावू नये.
• उठताना आधी दांडा धरा, मग सावकाश उठा. बादलीने अंघोळ करणाऱ्यांनीही पाटावरून असेच उठावे.

लहान मुलांसाठी:
• टब, बादली, फुगवायचा पूल वापरून झाला की लगेच रिकामा करा. फरशी पुसायची बादलीसुद्धा.
• न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी लावा.
• बाळ पाण्यात असेल तेव्हा हात त्याच्यापर्यंत पोचेल इतक्या अंतरावरच राहा. फोन वाजला तर वाजू द्या, किंवा बाळाला उचलून सोबत न्या.
• पाण्याजवळची खेळणी खेळून झाल्यावर उचलून ठेवा. बदक दिसले की मूल पाण्याकडे जाते.

कुणी टबात बेशुद्ध दिसले तर: आधी बूच काढा आणि तोंड पाण्याबाहेर धरा. मोठ्याने मदतीला बोलवा. रुग्णवाहिका बोलवा: जपानमध्ये ११९, इस्राएलमध्ये १०१, महाराष्ट्रात १०८. माणसाला सपाट जागेवर घ्या. श्वास चालत नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. बुडालेल्या माणसाला तोंडाने श्वास देणेही महत्त्वाचे असते: ३० दाब, २ श्वास. हे वाचून येत नाही, एकदा शिकून घ्यावे लागते. आपल्या मशिदीत सणाच्या आधी एखादी संध्याकाळ यासाठी ठेवता आली तर किती बरे होईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. २५ जुलै हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून ठरवला आहे. आकडा मोठा आहे, पण त्यातल्या एकेका घरात कुणीतरी एखादे पातेले पुरते घासून ठेवले असेल.

आई या हिवाळ्यात पुन्हा येणार आहे. नव्या न्हाणीघरात दोन दांडे बसवले आहेत, दाराला वर कडी आहे, आणि यंत्राच्या पाटीवर 'बोलव' ही चिठ्ठी आहे. जुन्या घरातून निघताना मी तीच सोलून आणली. या वेळी घंटी वाजली की हातातले काम तसेच टाकून जायचे, एवढे मी ठरवले आहे. तुमच्याही घरी आज संध्याकाळी एकदा न्हाणीघराच्या दारात उभे राहून पाहा, कठडा कुठे कमी आहे ते.